मुठीत गरम केलेला घास

अण्णा, माझ्या स्वतःच्या घरात मला आइस्क्रीमचा एक डबा ठेवायला जागा उरलेली नाही. या अन्यायाविरुद्ध दाद कुठे मागायची ते कळत नाही, म्हणून तुमच्याकडे मागतेय. घर डब्लिनमध्ये आहे. आयर्लंडमधल्या नव्हे, ओहायोतल्या. इथल्या लोकांना गावांसाठी नवीन नावं सुचत नाहीत. फ्रीजर चांगला माणूसभर उंचीचा. वरच्या कप्प्यात कोंबडीच्या माना. मधल्या कप्प्यात पांढरे उंदीर, लहान, मध्यम आणि मोठे असे वेगवेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठ्या लावून, दिवाळीच्या फराळाचे डबे लावावेत तसे. खालच्या कप्प्यात एका दिवसाची कोंबडीची पिल्लं, पिवळी, डोळे मिटलेली. माझं ओलं खोबरं आणि आमरस शेजारणीच्या घरी आश्रित म्हणून राहतात. चैत्राच्या हळदीकुंकवाला आलेली एक बाई पन्ह्यात घालायला बर्फ हवा म्हणून फ्रीजर उघडून उभी राहिली, आणि मग नुसतीच उभी राहिली. ती आता मला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लांबूनच नमस्कार करते.

या मंडळाच्या त्रैमासिकात मी तिरकस लिहिते. ग्रीन कार्डासाठी नवस बोलणारे, भारतात जाऊन पाणी उकळून मागणारे, पोराला मराठी येत नाही हे कौतुकानं सांगणारे, कुणालाही मी सोडलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, सासूबाईंनाही नाही. फक्त तुमच्यावर, स्वतःच्या वडिलांवर, कधी एक ओळ लिहिली नाही. लोकांना वाटतं, आदर.

तर हे उंदीर फेरेटसाठी आहेत. हा प्राणी तुम्ही पाहिला नसेल. मुंगसासारखा लांबोडका, मांजरापेक्षा लहान, दिवसाचे अठरा तास झोपणारा आणि उरलेल्या वेळात मोजे पळवणारा. लेकीनं हट्ट करून मॉलमधल्या दुकानातून दोन आणले होते, एक नर आणि वर्षानं लहान एक मादी. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटी म्हणायचो. लेकीनं ठेवलेली इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसत नव्हती. दोघं पिशवीतल्या कोरड्या गोळ्यांवर वाढले. गेल्या वर्षी वसंतात बातम्यांत आलं की इथल्या प्राण्यांच्या खाद्यात काहीतरी भेसळ निघाली आहे. आमची पिशवी त्यातली होती की नव्हती कोण जाणे, पण लेकीनं ती रडत रडत कचऱ्यात टाकली. आणि त्याच सुमारास थोरला चालता चालता मागच्या पायांवर बसायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडात गाठ आहे, साखर एकदम उतरते. चार तासांच्या वर पोट रिकामं राहू देऊ नका. आणि जमलं तर या धान्याच्या गोळ्या सोडवा, मांसावर आणा.

गावाबाहेर मक्याच्या शेतांपलीकडे एक म्हातारी गोरी बाई राहते. लोकांनी टाकून दिलेले फेरेट सांभाळते. तिनं पहिली उंदरांची पिशवी हातात दिली. धाकटीनं तीन दिवसांत जुनं सगळं विसरून उंदीर उचलला आणि सोफ्याखाली नेला, जणू जन्मभर कुणीतरी तिची फसवणूक करत होतं आणि आज पुरावा हाती लागला. थोरला मात्र वाटीशी यायचा, वास घ्यायचा आणि निघून जायचा. वाटीत मांस नसून दगड ठेवलाय, असा. म्हातारी म्हणाली, यांचं असंच असतं. लहानपणी ज्याचा वास नाकात बसला तेवढंच यांना अन्न वाटतं. मांसाच्या शेजारी बसून हा उपाशी मरेल. गोळ्यांची त्याच्या ओळखीची जात दुकानातून नाहीशी झाली होती, दुसऱ्या कुठल्या तो तोंडात धरत नव्हता. आम्ही त्या दुसऱ्या गोळ्यांचा चुरा कोमट पाण्यात कालवून पिचकारीनं तोंडात सोडायचो. निम्मा बाहेर. लेक बारा वर्षांची, शाळेतून आली की आधी त्याचं वजन करायची आणि आकडा मला न सांगता वर निघून जायची.

नवरा म्हणाला, "यार, दोन दिवस ठेव उपाशी. झक मारत खाईल."

"झक मारत मरेल," मी म्हणाले. "डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"मी आपलं सुचवलं. ज्या घरात माझ्या आईनं चातुर्मासात कांदा आणला नाही, त्या घरचा मुलगा उंदरांवर सल्ला देतोय, हेच पुष्कळ झालं."

मला हसू आलं नाही. कारण त्याचं ते 'दोन दिवस ठेव उपाशी' मी आधी ऐकलं होतं. तुमच्या साहेबांच्या तोंडून, तुमच्यासमोर.

मी नववीत होते. तुम्ही कामाला होता त्या प्राणिसंग्रहालयात रविवारी तुमचा डबा घेऊन यायचे, मागच्या, कामगारांच्या फाटकानं. उसाच्या फडात सापडलेलं बिबट्याचं पिल्लू तेव्हा आलं होतं. वस्तीवरच्या लोकांनी ते दूधभाकरीवर वाढवलं आणि दात दिसायला लागल्यावर घाबरून सरकारजमा केलं. ते मांसाला तोंड लावत नव्हतं. साहेब खुर्चीतून म्हणाले, उद्या सोमवारच आहे, होऊ दे उपास, परवा खाईल. सोमवारी बाग बंद असायची आणि वाघांना मांस मिळायचं नाही. त्या दिवशी तुम्हीही चहावरच असायचा, कुणी विचारलं तर म्हणायचा, ज्यांना मी वाढतो ते उपाशी आणि मी जेवू? पण त्या रविवारी तुम्हीच साहेबांना म्हणालात, "साहेब, उपास खाणाऱ्याला. ह्याला अजून हे खाणं आहे हेच ठाऊक नाही." साहेबांसमोर तुम्ही तोंड उघडल्याचं मी पाहिलं ते तेवढंच.

मग तुम्ही पिंजऱ्याला पाठ लावून जमिनीवर बसता. मांसाचा सुपारीएवढा तुकडा डाव्या मुठीत घट्ट धरता, बराच वेळ. थंड मांस म्हणजे त्याच्या लेखी दगड, तुम्ही मला सांगता. मूठ उघडून त्या तुकड्याला दुधात भिजलेली भाकरी चोळता, आणि तो हात पाठीमागे, गजांतून आत. उजव्या हातानं तुम्ही जेवताय. मी आणलेली भाकरी, पिठलं. एकाच वेळी दोन पंगती. मी मान वळवते तर तुम्ही म्हणता, "बघू नकोस गं. बघितलं की त्याला वाटतं आपण चोरतोय." किती दिवस बसला होता तसे, सात की आठ. दर दिवशी भाकरी थोडी कमी. पुढच्या रविवारी मी समोर उभी असताना तुमचा घास तोंडाशी थांबला आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. पाठीमागे काय घडलं ते मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी हे शाळेत सांगितलं. वाटलं होतं, सगळ्या हेवा करतील. पुढच्या बाकावरची मुलगी जवळ येऊन माझा हात हुंगून गेली. बास, तेवढंच. त्यानंतर मी रस्त्यानं तुमचा हात धरला नाही. तुम्ही तो बेसन लावून, लिंबू चोळून, राखेनं घासून यायचा, तरी नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत. आपणहून माझ्या बाजूच्या हातात पिशवी धरायला लागलात.

तर मी कपडे धुवायच्या खोलीत थोरल्याच्या पिंजऱ्याला पाठ लावून फरशीवर बसले. उजव्या हाताशी ताटात वरणभात, डाव्या मुठीत कोंबडीचा तुकडा. त्याच्या आवडीचं एक तेल असतं, त्याचा थेंब लावून हात मागे. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. खांदा भरून आला. तुम्ही हे पन्नाशीत कसं केलंत? लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"जेवतेय."

"इन द लाँड्री रूम?"

"त्याला सोबत."

ती माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "हू टॉट यू धिस?"

"माझ्या वडिलांनी."

"ओह, राइट. आजोबा वॉज अ फॉरेस्ट रेंजर."

मी घास गिळला. पुढचा कालवला. चौथ्या दिवशी संध्याकाळी बोटांना खरखरीत ओलं काहीतरी लागलं. मग दात, अगदी टोकाचे. मग तळहात हलका झाला. मी वळून पाहिलं नाही, अण्णा. लेक माझ्याकडे बघत होती आणि तिला कळलं.

रेंजर ती कुठून शिकली ते तुम्हाला माहीत आहे. पुण्यात नोकरीला असताना मी नवऱ्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, वडील वनखात्यात आहेत. थेट खोटंही नाही, बागेत झाडं होतीच. मग तो आईवडिलांना घेऊन आपल्या दोन खोल्यांत आला. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. सासरे म्हणाले, "वनखातं म्हणजे फिरती फार असेल." तुम्हाला हे त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. आणि मग, जन्मात दुकानदाराशीही खोटं न बोललेला माणूस, तुम्ही म्हणालात, "हो, असते."

"कोणत्या रेंजला आहात?"

"आतल्या," तुम्ही म्हणालात.

सासऱ्यांनी मोठ्या समजुतीनं मान हलवली. सासूबाईंनी लाडू पुढे केला. तुम्ही हात पाठीमागेच ठेवून म्हणालात, "राहू द्या, नंतर घेतो." लग्नाच्या एकाही फोटोत तुमचे हात नाहीत. फोटोग्राफर सांगत होता, काका, हात पुढे घ्या जरा, मोकळे सोडा.

ते गेल्यावर मी तुमच्या बोलण्याची वाट पाहत होते. रागवाल, निदान एक शब्द. तुम्ही पाणी प्यायलात, भांडं पालथं घातलंत आणि विचारलंत, "माझ्या पेन्शनच्या कागदावर हुद्दा लिहितात. तो त्यांना कधी दिसेल का गं?" तुम्हाला काळजी माझ्या खोट्याची होती. मग तुम्ही बागेतल्या एकाही माणसाला लग्नाचं आमंत्रण दिलं नाहीत. ज्यांनी मला खांद्यावर बसवून हत्ती दाखवला त्यांनाही नाही. बोलता बोलता काहीतरी निघेल म्हणून. माझ्या घरी तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा उंबऱ्याशी पाणी पिऊन, गाडीची वेळ झाली म्हणून निघालात. गाडीला तीन तास होते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. माझ्या हातचं न जेवता. मी किती पंगती उठवल्यात त्यानंतर, या देशात, कुणाकुणाच्या.

थोरला जवळजवळ वर्षभर जगला. गाठ होती ती होतीच, पण दिवस मिळाले, त्यानं उंदीर खाल्ले, मोजे पळवले. फेब्रुवारीत गेला. त्या सकाळीही मुठीतला तुकडा चाटला होता. लेक दोन दिवस शाळेत गेली नाही, आणि मी त्या फरशीवर पाठ लावून बसले, मागे काही नसताना.

मग मार्चमध्ये म्हातारीचा फोन आला. ती फेरेट घेऊन जाणाऱ्यांना देण्यासाठी एक पानी पत्रक करत होती. गोळ्यांवरून मांसावर कसं आणायचं, आणि जो कशानंच येत नाही त्याचं काय करायचं. "तुझी ती पाठ करून बसायची पद्धत लिहितेय," ती म्हणाली. "कुणाची म्हणून लिहू?" नवरा जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसला होता, लेक समोर. मी इंग्रजीत म्हणाले, माझ्या वडिलांची. ते एका प्राणिसंग्रहालयात मांस कापायचे आणि पिंजऱ्यांपर्यंत पोचवायचे. एकतीस वर्षं. तिनं नावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, सावकाश, दोनदा.

फोन ठेवला तेव्हा नवऱ्याच्या हातातली शेंग तशीच होती. "वनखातं?" तो म्हणाला.

"नव्हतं."

त्यानं शेंग टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "बाबांनी रेंज विचारली तेव्हा ते आतल्या म्हणाले होते."

"हो."

"मी त्यावर आजवर हसत आलोय गं," तो म्हणाला, आणि उठून बेसिनशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. लेकीला मराठीतलं किती कळलं माहीत नाही. तिनं विचारलं, "सो ही फेड द टायगर्स?" मी म्हणाले, हो. ती म्हणाली, "दॅट्स वे बेटर." आणि का कुणास ठाऊक, मला ते सहन झालं नाही.

पत्रक छापायच्या आधी तिनं मला बघायला पाठवलं. सगळं बरोबर होतं. मुठीत गरम करा, पाठ करून बसा, स्वतः जेवा, वळून पाहू नका. खाली तुमचं नाव, स्पेलिंगसकट. आणि नावाच्या आधी डॉक्टर. तिला आपलं वाटलं असावं, इतकं कळणारा माणूस डॉक्टरच असणार. हे पत्र मी कुठे टाकणार नाहीच आहे, तेव्हा सांगते. दोन दिवस मी ते तसंच राहू दिलं. फ्रीजवर लावलं, येताजाता वाचलं, आणि मला ते छान दिसत होतं. तिसऱ्या दिवशी तिला फोन करून ते 'डॉक्टर' काढायला सांगितलं.