अठ्ठेचाळीस लूप

३ जानेवारी
आजपासून लेस विणणार. बॉबिनची, म्हणजे छोट्या लाकडी दांड्यांवर गुंडाळलेल्या धाग्यांची. मार्चमध्ये लेकीला बाळ होईल. त्याच्या टोपीला आजोबांच्या हातची लेस आणि काठाला अठ्ठेचाळीस नाजूक लूप. क्लासात पुरुष मी एकटाच. पण पस्तीस वर्षं मशीन ड्रॉइंग काढलंय. उशीवर टाचण्या टोचून भोवती धागे फिरवायला असं काय लागतं?

१० जानेवारी
सोळा बॉबिन, सोळा धागे. गुंता फारसा नाही. एकच आहे, मोठा आहे. बॉबिनची खडखड ऐकून ही म्हणाली, "बुद्धिबळाचा डबा सांडला का?" दुर्लक्ष केलं.

२४ जानेवारी, सकाळी ११
लूपचा धडा. धाग्यांच्या जोडीला पाच पीळ द्यायचे, मग टाचणीभोवती वळवायचं. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं की पीळ कमी पडला तर लूप फाकतो. बाई चांगल्या आहेत, पण इंजिनिअर नाहीत. दोनच पीळ देऊन पाहिले. लूप हुबेहूब तस्साच! साठ टक्के वेळ वाचला. बाईंना सांगितलं नाही, उगाच मन दुखायचं.

२ फेब्रुवारी
नऊ लूप. शेजारी बसणाऱ्या दंतवैद्यबाईंचे चारच. बिचाऱ्या पीळ मोजत बसतात.

३ फेब्रुवारी
मान धरली. विश्रांती.

४ ते ११ फेब्रुवारी
तेच.

२३ फेब्रुवारी
एकतीस. बाई म्हणाल्या, सुरुवातीच्या दोन-चार टाचण्या काढून बघा. मी म्हणालो, अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यात आदर होता.

६ मार्च
अठ्ठेचाळीस!! लेकीला फोन केला. "बाबा, खरंच तुम्ही केलंत?" आवाज दाटून आला होता. तिचा असावा.

९ मार्च, सकाळ
लेकीला हॉस्पिटलात नेलंय. ही सोबत. मी टाचण्या काढायला बसतो.

९ मार्च, दुपार
पहिली काढली. लूपचे दोन धागे झाले. दुसरी, तेच. टाचण्या खराब निघाल्या. चाळिसाव्यापर्यंत आशा होती.

काठावर आता नुसत्या मिशा आहेत.

संध्याकाळी ७
नात झाली! दोघी सुखरूप.

१४ मार्च
हिने काही न विचारता मिशा आत दुमडल्या आणि लेस टोपीला शिवून टाकली. लेक खूश झाली. "पण बाबा, लूप करणार होतात ना?" म्हटलं, मुद्दाम साधी ठेवली, बाळाला टोचायला नको. ही मागेच उभी होती. काहीही बोलली नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं.

नातीने टोपी चार मिनिटं घातली आणि तिच्यावर दूध ओकली. ही म्हणाली, "साधी ठेवलीत ते बरं झालं, घासता तरी येईल," आणि ब्रश माझ्या हातात दिला.

डाग गेला. थोडी लेसही गेली.