फाट्यावर न थांबणारी बस

३ फेब्रुवारी, मंगळवार

नेतृत्वाचा तास आज भलताच रंगला! उद्याचे वकील हे, पण हात वर करा म्हटलं की एकमेकांकडे बघतात. म्हणून लेखी स्वाध्याय रद्दच केला. म्हटलं, कॉलेजातली एक खरी अडचण धरा, माणसं जमवा, सोडवून दाखवा. हाच स्वाध्याय, वीस गुण.

करिष्माने विचारलं, 'मॅडम, प्राचार्य चिडले तर?'

मी म्हटलं, 'मी आहे ना!' टाळ्या पडल्या. टाळ्या मला फार आवडतात, हे इथे तरी लिहावं.

९ फेब्रुवारी, सोमवार

करिष्माने कॉलेजची बसच अडवली! बस कासार आंबोली फाट्यावर थांबत नाही, तिथल्या मुलींना, करिष्मा त्यातलीच, बस पकडायला पिरंगुटपर्यंत मागे चालत जावं लागतं. हीच अडचण धरली पोरीने. अख्खा वर्ग गेटसमोर बसला. नेमकी बसमागे संस्थेच्या अध्यक्षांची गाडी अडकली — आत पाहुणे!

मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते. आधी अभिमान वाटला. अध्यक्ष गाडीतून उतरले तशी मी मागे सरकले.

१० फेब्रुवारी

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, 'हे खूळ यांच्या डोक्यात कुणी भरवलं?' सगळे गप्प. मीही. माझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते, मे महिन्यात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी समिती नेमली. तीत एक बाई हवी, म्हणून मी! स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे पहिल्या वर्षाला मीच शिकवते. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून हो म्हटलं.

संध्याकाळी करिष्माच्या आईचा, रत्नाबाईंचा फोन. 'बाई, तुमी हाय त्यात म्हणून जिवात जीव आला. पोरीचं वरीस वाया जाऊ देऊ नका.' 'बघते' म्हटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशी झाली. नियमाप्रमाणे प्राचार्यांनी आधी विचारलं, 'समितीतल्या कुणाबद्दल हरकत आहे?'

करिष्माने माझ्याकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं असतं तर मी संपले असते.

'न्हाई,' म्हणाली.

'कुणाच्या सांगण्यावरून केलंस?'

'माझ्याच.'

बाकीची पोरं स्वाध्यायाचं नाव न काढता माफी मागून सुटली. हिने मागितली नाही. सत्रभर निलंबन — परीक्षा गेली, वर्ष गेलं. आणि मी सही केली! बाहेर गाठून वर मलाच धीर देते, 'काळजी करू नका मॅडम, तुमचं नाव न्हाई घेतलं. आपल्यासाठी दुसऱ्याला पुढं करायचं न्हाई, तुमीच शिकवलंय.'

लाज वाटते. भयंकर लाज वाटते.

१४ फेब्रुवारी

झोप नाही. रत्नाबाईंचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बस आजपासून फाट्यावर थांबते. अध्यक्षांनी स्वतःहून सोय केली, अशी सूचना लागलीय! मीही याच बसने जाते. फाट्यावर तिघी चढल्या. ड्रायव्हर भिकूदादा म्हणाला, 'आन् जिच्यामुळं बस थांबली ती कुटं हाय?'

मी उतरले.

तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. 'सर, तो स्वाध्याय मी दिला होता. लेखी देते.'

आता करिष्माच्या घरासमोर बसून हे लिहितेय. हाक मारायचा धीर होत नाही.