पाणबुडी वर कशी येते?

कारंजा,
जानेवारी १९४३

प्रिय मुनाफ,

तुझं पत्र मिळालं. पानंच्या पानं भरलीस आणि त्यात पाणबुडीशिवाय काही नाही! तब्येत कशी आहे, जेवतोस कुठे, घरी कधी येतोस, एक ओळ नाही. बोट सोडून मुंबईच्या गोदीत लागलास, तेही आम्हाला पत्ता बदलला म्हणून कळलं. अम्मीनं तरी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. तिचा सवाल एकच. "एवढं लोखंड बुडते ते समजलं, पन वर कसं येते वो?"

बसले समजावत. जेवढं पाणी बाजूला सारलं त्याहून वस्तू हलकी असली तर तरंगते, जड असली तर बुडते. पाणबुडी टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेते, जड होते, खाली जाते. वर यायचं असलं की दाबून ठेवलेली हवा टाक्यांत सोडते. हवा पाण्याला बाहेर लोटते, पाणबुडी हलकी होते. अम्मीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पन कसं?" असा वैताग आला! शेवटी अंगणातल्या हौदात भरलेला तांब्या बुडवला, पाण्यातच पालथा केला आणि पपईची पोकळ दांडी खालून तिरकी घालून फुंकत राहिले. बुडबुडे उडाले, ओढणी भिजली, गाल दुखले, तेव्हा कुठे तांब्या डुलत वर आला. अम्मी लहान पोरीसारखी हसली. शेजारच्या मेहरबी खाला मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही.

मुनाफ, तुमच्याच बोटीवरचा गफ्फार सुट्टीवर येऊन गेला. तुमची बोट पाणबुडीनंच बुडवली, तू फळीला धरून वाचलास आणि खालांचा निजामुद्दीन, तुझा लहानपणापासूनचा जोडीदार, खाली इंजिनापाशीच राहिला, हे त्यानं सांगितलं. तू का नाही लिहिलंस रे? निजाम गेल्याचं खालांना कंपनीनं कधीच कळवलंय. कसा गेला, तेवढं कुणी सांगत नाही. त्या दिवशी त्या तांब्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "जुबेदा, माह्या निजामले वर आनायले कोनीच नव्हतं काय?" तिथं मी नव्हते, तू होतास. त्यांचा तुझ्यावर राग नाही. रोज विचारतात, "मुनाफ कधी येऊन राह्यला?" म्हणून हे पत्र. ये, त्यांच्याजवळ बस, आणि काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग.

तुझीच, तुझ्यावर चिडलेली,
जुबेदा आपा