पाल हार्मोन जास्ती

वेस्ट मांबलम, चेन्नई

ती. शर्मिष्ठामावशीस स्वरदाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत असले तरी तोंड व्यवस्थित चालू असेल, अशी आशा आहे. आम्ही मजेत (म्हणजे पुष्कर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात, सासूबाई माझ्या डोक्यावर).

हे फोनवर सांगितलं नाही, कारण सासूबाईंचे कान तिखट. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलत नाही, तर दोष अर्थातच माझा (पुष्कर त्यांचा मुलगा, तो निर्दोषच जन्मला). शेवटी तपासण्या केल्या. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ निघाली. तिच्यामुळे दूध आणणारं हार्मोन बाळाआधीच उतू चाललंय, म्हणून पाळी गायब. औषध काय, तर कॅबरगोलिनची अर्धी गोळी, सोमवारी आणि गुरुवारी. एवढ्या दुखण्याला एवढीशी गोळी बघून मला अपमानच वाटला.

सासूबाईंना माझ्यावर विश्वास नाही, म्हणून त्या थेट औषधवाल्या गुरुमूर्तींकडे गेल्या. ते सज्जन गृहस्थ म्हणाले, ‘पाल हार्मोन जास्ती, अम्मा.’ तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. सासूबाईंची पाल मात्र मराठीतच भिंतीवर चढली. घरी येऊन त्यांनी मला डोक्यावरून अंघोळ घातली, स्वयंपाकघरातल्या पाली झाडूने हाकलल्या आणि शनिवारी आम्हाला कांचीपुरमला नेलं. तिथल्या देवळात छताला सोन्याची पाल आहे, तिला हात लावला की पालीचा दोष जातो म्हणे. मी वर चढून हात लावत होते आणि या खालून ‘नीट चोळ गं, घाई कसली?’ म्हणत होत्या (मागे शंभर माणसं रांगेत).

मी खुलासा केला नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सहा वर्षं मी वांझ होते, आता नुसती पालीने बाधलेली झाले. सासूबाई स्वतः गोळी अर्धी करून देऊ लागल्या, वर गुळाचा खडा. गोळीने मळमळलं की पाठ चोळायच्या आणि ‘मेली’ म्हणायच्या, पण पालीला.

आता आवरते. सासूबाई चष्मा शोधतायत.

तुझी,
स्वरदा

ता. क. तू दिलेला मेतकुटाचा डबा संपला. मागत नाही, कळवते.

ता. क. दुसरे. डॉक्टरीणबाईंनी परवा कॅबरगोलिन बंद केलं. गाठ गेली म्हणून नाही. दिवस राहिले की बंद करतात. सासूबाई म्हणतात, बाळंतपण इथेच करू. पण पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना? आई गेल्यापासून मी हा शब्द कोणाजवळ काढलेला नाही. मावशी, सातव्यात तुझ्याकडे येऊ का?