राखणदाराकडचं वळण

१४ जाने.
त्या सकाळी मी पेजेचं पातेलं घासत होते. पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल पुढे गेली होती आणि हे कुदळ घेऊन मागच्या दारी, मोरीचं पाणी माडाकडे नेणारा पाट मोकळा करत होते. "राख कमी टाक गो, तुंबता," म्हणाले. मी मुद्दाम आणखी एक चिमूट टाकली. मग अंघोळ, तुळशीला पाणी, पेज. एवढीच सकाळ. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली आणि आठवते ती हीच.
आज त्या पाटात पाय गेला. घोट्यापर्यंत काळा चिखल, डासांच्या अळ्या. भाऊजींनी गेल्या साली नवी न्हाणी बांधली, तिची भिंत नेमकी पाटाच्या तोंडावर. नेमकी. शेजारी एवढी जागा होती.
आता पाईप घालायचा. दुसऱ्या बाजूने, विहिरीकडून.

१६ जाने.
साखळीच्या बाजारात गेले. दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला, कोणी पुरुष येतोय का म्हणून.
"काम करपी मेस्त कोण तुमचो?"
"मीच."
हसला. "मगीर परत येतलीच तुमी."
पाईप, दोन बेंड, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. पाईप बसच्या टपावर. उतरवल्यावर मोजले. बरोबर होते. तरी परत एकदा मोजले.

१९ जाने.
नळकामाच्या एका पुस्तकात दिलंय, उतार सगळीकडे सारखा हवा. तीन फुटांमागे एक बोट धरलं.
ह्यांची पाणसळ माळ्यावर सापडली, ती पाणी भरायची लांब पारदर्शक नळी. दोन्ही तोंडांना त्यांनीच बांधलेल्या चिंध्या. गाठ सुटेना. कात्री नाही लावली, दातांनी सोडवली.
पाणसळीला दोन टोकांना दोन माणसं लागतात. मी एक टोक खांबाला बांधलं आणि दिवसभर येरझारा घातल्या.
शालिनी, माझी धाकटी जाऊ, तिच्या जनेलाच्या गजांमागे उभी. कितीदा उभी राहिली ते मी मोजलं नाही. सहा वेळा तरी.

२२ जाने.
चर खणून झाला. खालचा जांभा चिरा कठीण, पण भोकाभोकांचा, कुदळ अडकते.
विहिरीच्या अलीकडे राखणदाराचा, जागा राखणाऱ्या देवाचा, दगड. हे दर साली तिथे नारळ ठेवायचे. तिथून पाईप सरळ न्यायचा प्रश्नच नव्हता. दोन बेंड घालून वळसा घेतला. त्या दोन सांध्यांना सोल्युशन लावलं नाही. वास फार उग्र, डोळ्यांत पाणी येतं. त्याच्या पायाशी असलं काही नको. बेंड दाबून बसवले, वर सुंभ करकचून आवळलं. बाकी सगळीकडे नीट चिकटवलं. नारळ ठेवला, हात जोडले.
शा. जनेलातून, "वयनी, बावीक लागान जाता तो पायप."
"विहिरीपासून सात हात लांब आहे."
"माका काय? आपला इचारलंय."
हिला काय करायचंय विचारून?

२५ जाने.
पाणी सोडलं. मोरीतून जे गेलं ते माडाच्या मुळाशी आलं. पळत जाऊन बघितलं. कोणाला सांगावं असं वाटलं, पण

४ फेब्रु.
विहिरीच्या पाण्याला साबणाचा वास. चहातसुद्धा. दुपारी परत शेंदलं, तोच वास. भाऊजींच्या न्हाणीचा सांडपाण्याचा खड्डा विहिरीच्या पलीकडे. वर्षभर दम धरला असेल, आता भरून फुटला. शा. साबण फार वापरते, दोरीवर रोज एवढे कपडे.

६ फेब्रु.
बोलले. "शालिनी, तुझ्या खड्ड्याचं पाणी विहिरीत येतंय."
"आमच्या? वयनी, आमचो खड्डो वरसभर आसा. वास आता इलो."
"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"
"काय नाय. तुमीच म्हणतास."
भाऊजी आतून ओरडले, "नळ इलोच हा! बाव बुजवून टाकुया. भांडाणच नको."
म्हणजे हे असं आहे तर. नळ त्यांनी घेतला, मी नाही. दोघा भावांची विहीर, दर उन्हाळ्यात दोघे मिळून उपसायचे. ह्यांना शेवटची अंघोळ घातली ती याच पाण्याने. पाणी खराब झालं की बुजवायला कारण मिळतं. खड्डा आपोआप फुटला की फोडला?

९ फेब्रु.
सुचलं. पातळ निळीची बाटली. ज्या मोरीत ओतावी तिचं पाणी कुठे जातं ते दिसेल. आधी माझ्या मोरीत, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. मग त्यांच्या न्हाणीत.
शा.ला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "वता, वता. निदान माजे कपडे तरी पांढरे जातले." आणि हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?
माझ्या मोरीत अख्खी बाटली ओतली. वर दहा बाल्द्या पाणी.

१० फेब्रु.
विहीर स्वच्छ. शा.ला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "उद्या परत बघा."

११ फेब्रु.
उजाडताच विहिरीवर गेले. बाल्दी वर आली. निळी. फार नाही, धुतलेल्या धोतराला येते तेवढी. पण निळीच.
राखणदाराकडची माती उकरली. सुंभ निळं, चिरा निळा, चिऱ्याची भोकं निळी. माझेच दोन बेंड.
ह्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. काहीच नाही. कुदळ घेतली असती.
शा.ने जनेलातून विचारलं, "काय वयनी, दिसला काय?"
"अजून नाही," म्हटलं.
ती आत गेली.
घरात आल्यावर ध्यानात आलं. मी गेले तेव्हा विहिरीचा दोर ओला होता. माझ्याआधी कोणीतरी पाणी शेंदलं होतं. आणि आज भाऊजींचा एकही शब्द ऐकू आला नाही. म्हणजे निळं पाणी शालिनीने आधीच बघितलं, पण भाऊजींना सांगितलेलं नाही. अजून तरी. का नाही?

१२ फेब्रु.
दोन्ही बेंड उपटले. मोरीला बोळा घातला. मग रिकामी घागर घेऊन शालिनीच्या दारात गेले आणि तिच्या नळाचं पाणी मागितलं.