रघू सुताराची रीप

मी, हरिचंद्र गोमा म्हसकर, वय सुमारे अडुसष्ट, धंदा शेती, राहणार कात्रप, बदलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. शाळेत गेलो नाही, मुलीच्या पाटीवर अक्षरे शिकलो, तेव्हा वेलांट्या कुणी तपासू नयेत. तीन वर्षांहून जास्त झाली, डोके गरगरते, पण ते उठता-वळताना. बसलो की ठिकाणावर असते, आणि हे मी बसून लिहीत आहे.

१. राहते घर माझ्या कष्टाचे. ते पत्नी काशीला, तिच्यामागे मुलगी विठाला. न्हाणीतले शेवाळ दर आठवड्याला घासावे. काशीचीही हाडे आता पापडासारखी झाली असणार. ती कबूल करत नाही.

२. पोस्टातली शिल्लक काशीची. भाताची खाचरे दोघींची, मध्ये नवा बांध घालू नये.

३. कोयता, पहार, नांगर जावई चंदू यांना. शिडी कोणालाच नाही. तोडून चुलीत घालावी.

४. काठी काशीला. नको म्हणेल, तरी उशाशी ठेवावी. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराने ती माझ्या उंचीला कापून दिली होती. काशीसाठी चार बोटे कमी करावी लागेल. ते काम रघू सुतारानेच करावे.

५. आता रघूचे. त्रेपन्न सालच्या वैशाखात कौले चाळायला चढलो. काशी खालून म्हणाली, "डोकं गरगरतंय न् कौलांवर कशाला चढताव?" मी म्हटले, "तू शिडी धर." वर मान केली तशी घेरी आली. अंगण वर आले, आभाळ खाली गेले. मांडीचे हाड मोडले. लोक जमले. गावभरची कौले चाळणारा मी, मला घेरी आली हे सांगायची लाज वाटली. म्हटले, "रघूने ठोकलेली कौलांखालची रीप निसटली."

तेव्हापासून गावात कुणी त्याला छपराचे काम देत नाही. तो अंबरनाथला एका कारखान्यात खोकी ठोकतो. काशीला खरे ठाऊक होते. ती मला बोलली नाही, हेच जास्त लागले.

गेल्या महिन्यात पायरीला कठडा बसवायला रघूला बोलावले. काम झाल्यावर म्हणाला, "दादा, ती रीप मी दुसऱ्याच दिवशी येऊन बघितली. जागच्या जागी होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा पाय फळीला बांधलेला. पडलेल्या माणसाशी काय वाद घालायचा?"

चहा पिऊन गेला.

परसातला फणस रघूला. लाकडासाठी तोडावा की फळासाठी ठेवावा, त्याची मर्जी. विठा, भांडू नकोस.

हे कलम माझ्या तेराव्याला वाचावे, असे आधी लिहिले होते. ते खोडले. मेलेल्याला कोण जाब विचारणार? म्हणून आज साक्षीदारांना ओटीवर बसवून मीच मोठ्याने वाचले. चिंतामणीशेटना मुद्दाम बोलावले, कारण रघूचे काम पहिल्यांदा त्यांनीच काढून घेतले होते.

कात्रप, बदलापूर
१२ मे १९५६

सही: हरिचंद्र गोमा म्हसकर

साक्षीदार:
१. श्रीपाद वामन आठल्ये, शिक्षक
२. चिंतामणी धर्मा भोईर, धान्य दुकानदार. समक्ष ऐकून सही केली. माझ्या गोठ्याचे छप्पर पावसाआधी रघूने करावे, हे सांगायला इथून त्याच्याच घरी जात आहे.