भोळ्याची मिठी

सोमवार, ३ जून
मत्स्यालयात आजपासून नवी जबाबदारी. इतकी वर्षं तिकीटखिडकीत सडलो, आता तारामासा विभाग. विभाग म्हणजे एक टाकी, एक तारामासा आणि मी. संचालक बाईंनी बजावलं, याला वेगळ्याच टाकीत ठेवायचं आणि फ्रीझरमधल्या शिंपल्या खायला घालायच्या. मान डोलावली. बायकोला फोन केला, यापुढे मला तज्ज्ञ म्हण. ती म्हणाली, येताना दूध आणा.

बुधवार, ५ जून
शिंपल्यांचा वास हाताला चिकटून बसतो. मुलगी जेवायला शेजारी बसेना. म्हणून आज माशांचे दाणे टाकून बघितले. भोळ्याने तोंड लावलं नाही. (नाव मीच ठेवलं. तोंड खालच्या बाजूला, अगदी मधोमध असतं. शोधण्यात सकाळ गेली.) कोबीचं पानही नको. निष्कर्ष: तारामासा अल्पाहारी. डोकं नाही, मेंदू नाही, दात नाहीत. असल्या जिवाला भूक कसली?

रविवार, ९ जून
भोळा कोपऱ्यात पडून. उदास दिसतो. शेजारच्या टाकीत बाईंचा लाडका शिंपला, चांगला बशीएवढा. नखाएवढा होता तेव्हापासून बाईंनी वाढवलाय. रोज आल्या की आधी त्याला बघतात, मग हजेरीची सही. तोही बिचारा एकटाच. बाईंना विज्ञान कळतं, एकटेपणा कळत नाही.

मंगळवार, ११ जून
बाई परिषदेला गेल्या. भोळ्याला शिंपल्याच्या टाकीत सोडला. कोणी विचारलंच तर, त्याची टाकी धुवायची होती.

संध्याकाळी: भोळा चालला! पाचही हातांखाली बारीक नळ्यांची झुंबड, त्यांवर सरकत सरकत थेट शिंपल्यापाशी. गेला आणि मिठीच मारली. डोळे भरून आले. (माझे. त्याचे डोळे हातांच्या टोकांना असतात, तिथलं काही कळलं नाही.)

बुधवार, १२ जून
मिठी अजून सुटलेली नाही. फोटो काढून दारावर लावला, खाली लिहिलं ‘मैत्री’. शाळेची सहल आली होती, त्यांच्यासमोर या विषयावर उत्स्फूर्त बोललो. पुढची एक चष्मेवाली म्हणाली, काका, तो शिंपला ओढून उघडतोय. मी म्हटलं, बाळा, मित्रापाशीच मन उघडतं. टाळ्या. (बाईंनी, म्हणजे त्यांच्या शिक्षिकेने, एकटीने वाजवल्या.)

दुपारी: भोळ्याचं पोट बाहेर आलं! पातळ पिशवीसारखं तोंडातून निघालं आणि शिंपल्याच्या फटीत शिरलं. हर्निया असणार. पशुवैद्याला फोन लावला. त्याने विचारलं, फट कसली? सांगितलं. तसा ओरडला, अहो, तो जेवतोय! पोट बाहेर काढून जेवतो तो. शिंपल्याला त्याच्या घरातच पचवतो. काढा आधी त्याला!

फोनवर निदान करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तरी जोर लावून ओढला. भोळा सुटला, पण एक हात माझ्या हातात राहिला. काळजीचं कारण नाही, तारामाशाला हात पुन्हा फुटतो. शिंपल्याचं विचारलं, तर डॉक्टरने फोन ठेवला.

शुक्रवार, १४ जून
बाई आल्या. बाही वर न सारताच पाण्यात हात घातला आणि आ वासलेला शिंपला बाहेर काढला. बराच वेळ तो तसाच धरून उभ्या होत्या. बाहीतून पाणी गळत होतं. मग विचारलं, त्याला उपाशी ठेवलं होतंत? मी म्हटलं, अल्पाहारी आहे तो. शिंपला घेऊन त्या आपल्या खोलीत गेल्या. म्हणजे प्रकरण मिटलं.

सोमवार, १७ जून
मिटलं नव्हतं.

सोमवार, १५ जुलै
तिकीटखिडकीत आता दुसरा माणूस बसतो. माझ्याकडे पार्किंग. मोकळ्या हवेतलं काम, तब्येतीला चांगलं. भोळ्याला बाई स्वतः भरवतात. मुलगी मैत्रिणींना सांगते, बाबा मत्स्यालयात असतात. आत की बाहेर, ते सांगत नाही. आज एका ड्रायव्हरने हॉर्न मारला. म्हणाला, ए, बाजूला हो.

झालो.